पारध्याने पाहिलेले पक्षी

'पारध' या शब्दाची व्युत्पत्ती शोधू लागले की कोश आपल्याला संस्कृत 'पापर्द्धि' या शब्दाकडे नेतात. पाप अधिक ऋद्धि, म्हणजे पापाची वाढ, हा त्याचा सरळ अर्थ. प्राकृतात त्याचे रूप 'पारद्धि', आणि त्यावरून मराठीत 'पारध' व ती करणारा तो 'पारधी'. मूळच्या प्राकृत शब्दालाच कोणा पंडिताने नंतर हा संस्कृत वेष चढवला असावा, अशी शंका घ्यायला जागा आहे. पण शंका खरी असो वा नसो, वेष निवडताना पंडिताला पापच आठवले, हे विसरता येत नाही. याच कृतीसाठी संस्कृतात दुसरा शब्द आहे तो 'मृगया'. त्यातला 'मृग्' हा धातू शोधणे या अर्थाचा. राजा रानात जातो तेव्हा ती मृगया, वनवासी जातो तेव्हा ती पापर्द्धि. रान तेच, सावज तेच; एकाचा शोध होतो आणि दुसऱ्याचे पाप.

वस्तुतः शिकारीत मारण्याचा क्षण अगदी थोडा. बाकी सगळा वेळ पाहण्यात आणि ऐकण्यात जातो. सावज कोठे निजते, पाण्यावर कधी येते, कशाला भिते आणि कशाला भीत नाही, याची माहिती नसेल तर बाण आणि फासे निरुपयोगी. म्हणजे आपल्या प्रदेशातले पक्षिज्ञान प्रथम जमा झाले ते शिकाऱ्यांपाशी, असे म्हणायला हरकत नसावी. मग ते आपल्या वाङ्मयात कोठे आहे? वाङ्मयेतिहासात हा प्रश्न फारसा विचारला गेलेला नाही. प्रस्तुत लेखात तो मराठवाड्याच्या, त्यातही लातूर जिल्ह्यातल्या शिरूर अनंतपाळच्या परिसरातून विचारावा असे मनात आहे. याला कारण आहे. येथून वायव्येला गोदाकाठी पैठण, म्हणजे सातवाहनांचे प्रतिष्ठान. दक्षिणेला, आजच्या कर्नाटकातील बिदर जिल्ह्यात, चालुक्यांची राजधानी कल्याणी, म्हणजे बसवकल्याण. या दोन राजधान्यांत लिहिल्या गेलेल्या ग्रंथांत रान आणि शिकार दोन्ही आहेत. आणि मधल्या मुलखात मुरमाड माळ, कुसळी गवत, बाभळी, बोरी, आणि त्यांच्या आश्रयाने राहणारा तितर.

तितराची गोष्ट थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण फासेपारध्याची बहुतेक विद्या त्याच्याभोवती आहे. हा पक्षी उडण्यापेक्षा पळणे पसंत करतो. अगदी पायाशी गेलात तरच फडफडाट करून उठतो, थोडे अंतर कापून पुन्हा जमिनीला लागतो आणि झुडपांतून पळत सुटतो. चरतो जमिनीवर, पण रात्री काटेरी झाडाझुडपाचा आसरा घेतो. नराच्या पायाला आर असते. सकाळ-संध्याकाळ तो उंच, टिपेच्या स्वरात ओरडतो आणि त्या ओरडण्यात आपल्या हद्दीचा पुकारा असतो. हद्दीत दुसऱ्या नराचा आवाज आला की याला राहवत नाही. आवाजाच्या रोखाने तो भांडायला धावतो.

फासेपारधी याच सवयीचा उपयोग करतो. घोड्याच्या शेपटीच्या केसांचे किंवा तातीचे छोटे फास बांबूच्या काड्यांना बांधून ते जमिनीत ओळीने रोवायचे. मध्ये पिंजऱ्यात आपला पाळलेला नर ठेवायचा. तो ओरडला की रानातला नर तरातरा येतो आणि त्याचा पाय फासात अडकतो. यात पारध्याला कितीतरी गोष्टी ठाऊक असाव्या लागतात: कोणत्या झुडपाभोवती कोणाची हद्द आहे, नर कोणत्या वाटेने येईल, जोड्या केव्हा जमतात, आणि पिलांसह थवे केव्हा हिंडतात. दुसरी रीत आणखी बारकाईची. शिकवून तयार केलेल्या गाईच्या किंवा बैलाच्या आडोशाने पारधी हळूहळू चालतो आणि पक्ष्यांना न उडवता फासांच्या ओळीकडे वळवतो. चरणारे गुरू तितराच्या जगात निरुपद्रवी आहे, धोका दोन पायांवर उभ्या असलेल्या आकृतीचा आहे, हे ज्याने पहिल्यांदा ओळखले त्याने पक्ष्याच्या डोळ्यांतून जग पाहिले होते. माळढोकाची शिकार करणारे पुढे बैलगाडीतून जात, तेही याच जाणिवेने. पायी माणूस दिसला की माळढोक दुरूनच निघून जाई. गाडी मात्र त्याला जवळ येऊ देई.

(आज तितर धरणे हा गुन्हा आहे, हे येथेच नोंदवलेले बरे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या परवान्यांना काही वाव होता. १९९१ च्या दुरुस्तीने तोही जवळजवळ संपला. पुढचे विवेचन शिकारीची तरफदारी म्हणून कोणी वाचू नये.)

आता ग्रंथांकडे वळू. ज्या पक्ष्याचा पारध्याने इतका अभ्यास केला, त्याच्या नावाने वेदाची एक शाखाच आहे. याज्ञवल्क्याने गुरूच्या क्रोधामुळे ओकून टाकलेले यजुर्मंत्र इतर शिष्यांनी तितर होऊन वेचले, म्हणून ती शाखा तैत्तिरीय, अशी पुराणकथा आहे. मंत्र वेचायला तितरच का, याचे उत्तर कथा देत नाही. जमिनीवर भराभर चोच मारत जाणारा तितर कोणी तरी नीट पाहिला असल्याखेरीज ही कल्पना सुचणे अवघड. रामायणाचा आरंभही पक्षिनिरीक्षणातच आहे. तमसेच्या काठी क्रौंचांच्या जोडीकडे दोघे जण पाहत होते, एक वाल्मीकी आणि दुसरा निषाद. जोडी मीलनात गुंतलेली असताना सावध नसते हे निषादाला ठाऊक होते. एकाच्या पाहण्यातून श्लोक जन्मला, दुसऱ्याच्या वाट्याला शाप आला. निषादाने काय पाहिले, हे पुढे कोणत्याही टीकाकाराने विचारले नाही.

या पार्श्वभूमीवर पैठणच्या हालाची 'गाथासप्तशती' वेगळी वाटते. तिच्यातला व्याध केवळ उपमेपुरता नाही. त्याला घर आहे, बायको आहे, सवतीमत्सर आहे. एका गाथेत पारध्याची नवी बायको कानात मोरपीस खोचून, गजमोत्यांनी सजलेल्या सवतींमधून तोऱ्याने हिंडते. सवतींच्या काळी नवरा हत्ती मारण्याइतका धडधाकट होता. आता हिच्या प्रेमापायी तो इतका क्षीण झाला आहे की मोराच्या पलीकडे त्याची मजल जात नाही. परंपरेने ही गाथा शृंगाराची मानली आणि ते बरोबरच आहे. परंतु तिचा विनोद समजायला कोणत्या सावजाला किती बळ लागते ही शिकाऱ्याची मोजपट्टी माहीत असावी लागते. कवीला ती माहीत आहे, श्रोत्यालाही आहे, असे कवी गृहीत धरतो.

दुसरी गाथा मला अधिक महत्त्वाची वाटते. हरीण आणि हरिणी व्याधाच्या बाणाच्या टप्प्यात आहेत. हरीण हरिणीला वाचवायला पुढे होते, हरिणी हरिणाला वाचवायला पुढे होते. ते पाहून व्याधाच्या डोळ्यांत पाणी येते आणि तो धनुष्य खाली टाकतो. या ठिकाणी व्याधाला उपदेश करायला ऋषी आलेला नाही, शाप नाही, धर्मवचन नाही. त्याचे मन बदलते ते जनावरांची वागणूक पाहून. नेम धरण्यासाठी जी एकाग्र नजर लागते, तिलाच हे दिसते. स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली गाथासप्तशतीची मराठी आवृत्ती सिद्ध केली तेव्हा तिच्यातून महाराष्ट्राचे समाजजीवन वाचण्याची दृष्टी त्यांनी दिली. त्या दृष्टीने पाहिले तर, माझ्या मते, पाहणारा शिकारी आपल्या वाङ्मयात प्रथम येथे भेटतो. दुर्दैवाने पुढे तो बराच काळ भेटत नाही.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने शके १०५१, म्हणजे इ. स. ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' रचला. राजाने काय जाणावे आणि कशात रमावे याचा हा शंभर अध्यायांचा संस्कृत ग्रंथ. त्याच्या चौथ्या विंशतीत राजाचे वीस विनोद आहेत. त्यांत लावकविनोद आहे, ससाण्यांचा श्येनविनोद आहे, मासेमारीचा मत्स्यविनोद आहे, मृगयाविनोद आहे आणि त्याच्या लगेच पुढे गीतविनोद. मराठीच्या अभ्यासकांना हा गीतविनोद परिचित आहे, कारण जुन्या मराठीतल्या काही पदपंक्ती त्यात सापडतात आणि भाषेच्या इतिहासात त्या मोलाच्या ठरतात. आपण विद्यार्थ्यांना त्या पंक्ती दाखवतो आणि पान मिटतो. एक अध्याय मागे उलटला तर शिकारीचे शास्त्र आहे, तेही आपल्याच मुलखातले. सोमेश्वराला हे ज्ञान कोणी पुरवले? राजा स्वतः रानात महिनोन् महिने हरणांच्या वाटा शोधत बसत नसणार. लावे धरून आणणारे, ससाणे शिकवणारे, सावजाची बातमी आणणारे सेवक होते. ग्रंथ मात्र राजाचा.

मराठी वाङ्मय सुरू झाले ते अहिंसेचा आग्रह धरणाऱ्या संप्रदायांतून, आणि शिकाऱ्याचे स्थान त्यामुळे ठरून गेले. 'लीळाचरित्रा'तली सशाची लीळा सर्वांना माहीत आहे. पारधी पाठलाग करीत येतात, ससा श्रीचक्रधरांच्या मांडीखाली आसरा घेतो, शरण आलेल्याला ते सोडत नाहीत आणि पारध्यांना हिंसेपासून परावृत्त करतात. लीळा सुंदर आहे, तिचे गद्यही तितकेच जिवंत आहे. पण पारधी येतो तो बदलण्यासाठी. त्याला सांगायचे असते, त्याच्याकडून ऐकायचे काही नसते.

एकनाथांच्या भागवतात ही गोष्ट अधिकच लक्षात येते. अकराव्या स्कंधातले अवधूताचे चोवीस गुरू एकनाथांनी विस्ताराने रंगवले. त्यांत पिलांच्या मोहाने व्याधाच्या जाळ्यात सापडणारा कपोत आहे, नादाला भुलणारे हरीण आहे, गळाला लागणारा मासा आहे. माणसेही आहेत: पिंगळा वेश्या आहे, बाण घडवणारा कारागीर आहे, पोळ्यातला मध काढून नेणारा मधुहासुद्धा आहे. कपोताला जाळ्यात धरणारा पारधी मात्र गुरूंच्या यादीत नाही. कबुतर पिलांसाठी जाळ्यात उडी घेते, हे निरीक्षण ज्याचे, त्याचे नाव अवधूत घेत नाही. एकनाथांचा हा दोष नव्हे; यादी त्यांच्या आधीची आहे. तरीसुद्धा पैठणातच गाथेतल्या व्याधाने धनुष्य टाकले होते, हे आठवल्यावाचून राहत नाही.

शिकारी आणि निरीक्षक एकाच देहात असू शकतात, याचा लेखी पुरावा हवा असेल तर तो बादशहाच्या दप्तरात मिळतो. १६१२ साली मुकर्रबखानाने गोव्याहून जहांगिरासाठी काही अपूर्व प्राणी आणले. त्यांत एक टर्की होता, अमेरिकेतल्या रानांतून पोर्तुगिजांच्या गलबतांबरोबर पूर्वेकडे आलेला. जहांगिराने आत्मचरित्रात त्याचे वर्णन केले आहे: माजावर आला की डोके-मान पोवळ्यासारखी लाल होते, थोड्या वेळाने कापसासारखी पांढरी, मग निळसर, सरड्यासारखे रंग बदलणारा हा पक्षी बादशहा न कंटाळता पाहत बसला होता. उस्ताद मन्सूरने काढलेले त्याचे चित्र आजही लंडनच्या संग्रहालयात आहे. हाच जहांगीर आपल्या शिकारीचा हिशेबही ठेवतो. बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत आपल्यासमोर २८,५३२ जनावरे-पक्षी मारले गेले आणि त्यांतले १७,१६७ आपल्या हातचे, असे तो नोंदवतो. त्याला यात काही विसंगती वाटलेली नाही. आपल्याला वाटते, आणि ती तशी वाटणे योग्य आहे.

पेशवाई बुडाल्यावर दख्खनचे पक्षी पुस्तकात आले ते लष्करी अधिकाऱ्यांच्या हातून. कर्नल साइक्सने १८३२ साली दख्खनच्या पक्ष्यांची सूची लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेपुढे ठेवली. बंदुकीने पक्षी मारायचा, मोजायचा, पोटात काय सापडले ते लिहायचे, ही त्या काळाची रीत होती. पश्चिम दख्खनमधल्या किती तरी पक्ष्यांची पहिली शास्त्रीय नोंद साइक्सची आहे, तिचे मोल कमी लेखता येणार नाही. त्याच सुमारास, १८०९ ते १८२९ या वर्षांत, अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) मुलखात रॉबर्ट मॅन्सफील्ड नावाच्या एकाच शिकाऱ्याने ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. माळढोकाची मादी बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. आज उभ्या देशात दीडशेहूनही कमी माळढोक उरले असावेत. मॅन्सफील्डने एकट्याने मारलेल्या संख्येशी हा आकडा ताडून पाहावा.

पुढे १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि पारध्यांसह अनेक भटक्या जमाती टप्प्याटप्प्याने त्याच्या कक्षेत आणल्या गेल्या. जन्मानेच गुन्हेगार, हजेरी दिल्याशिवाय हिंडायला बंदी. ज्याचे सारे ज्ञान हिंडण्यातून आलेले, त्याच्या पायांवरच हा घाव होता. साहेबाची शिकारीची रोजनिशी शास्त्रात जमा झाली; पारध्याची रानातली पावले पोलिसांच्या दप्तरात गेली. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, शिक्का मात्र पुसला गेला नाही. लातूर तालुक्यातल्या धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांनी 'उचल्या'त (१९८७) हा शिक्का आतून कसा लागतो ते मराठीला दाखवले. 'उचल्या' पारध्यांविषयी नाही, परंतु पारध्यांच्या अबोलपणाचे कारण समजायला त्याच्याइतके उपयोगी पुस्तक आमच्या जिल्ह्याने दुसरे दिलेले नाही.

निजामाच्या राज्यातल्या पक्ष्यांची पद्धतशीर पाहणी सलीम अली यांनी १९३१-३२ मध्ये केली. ती मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात क्रमशः प्रसिद्ध झाली. आपला मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता. सलीम अलींची सुरुवातही छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका पिवळ्या कंठाच्या चिमणीपासून झाली, ही कथा शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. पाहणीच्या काळातही नमुने बंदुकीनेच गोळा होत. म्हणजे शिकाऱ्याची नजर विसाव्या शतकात शास्त्रज्ञाकडे आली, तीही हातातल्या बंदुकीसह.

मराठी साहित्यात ती व्यंकटेश माडगूळकरांकडे आली. तरुणपणी शिकारीचा नाद असलेला हा लेखक पुढे 'नागझिरा'त आणि 'सत्तांतर'मध्ये (१९८२) नुसता पाहतो. 'सत्तांतर'मधल्या वानरटोळ्यांचे वर्णन संयमित, जवळजवळ निर्विकार आहे. दबा धरून बसण्याची सवय नसलेल्या माणसाला ते जमले नसते, असे मला नेहमी वाटत आले आहे. मारुती चितमपल्लींचे श्रेय वेगळे. वनखात्यात नोकरी करता करता त्यांनी आदिवासी, पारधी, कोळी यांच्या तोंडचे शब्द वेचले आणि 'पक्षिकोशा'त आणले. नवेगावबांधचे 'अरण्यपुत्र' माधवराव पाटील डोंगरवार यांच्यासारख्यांकडून आपण काय शिकलो, हे ते नाव घेऊन सांगतात. नाव घेऊन सांगणे, हा आपल्या परंपरेतला नवा प्रकार होता. २०२५ च्या जूनमध्ये चितमपल्ली गेले. त्यांच्या शैलीवर आपल्याकडे बरेच लिहिले जाते. त्यांच्या माहितगारांवर कोणी प्रबंध लिहायला घ्यावा.

अशा प्रबंधाला आजही जिवंत साधने आहेत. माळढोकाचाच लहान भाऊबंद तणमोर, पावसाळ्यात विदर्भातल्या गवताळ रानांत येतो. विणीच्या काळात नर उंच गवतातून पुनःपुन्हा वर उडी मारतो, दिवसातून शेकडो वेळा, मादीला दिसावे म्हणून. एरवी गवतात न सापडणारा हा पक्षी त्या उडीमुळेच शिकाऱ्याच्या नजरेस पडे आणि मारला जाई. अकोला-वाशीम भागात 'संवेदना' या संस्थेचे कौस्तुभ पांढरीपांडे आणि त्यांचे सहकारी तणमोराचा शोध घेऊ लागले तेव्हा त्यांना वाट दाखवली ती फासेपारध्यांनी. पक्षी कोणत्या गवतात उतरतो, उडी कोणत्या वेळी घेतो, घरटे कोठे असते, हे त्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक होते. त्याच ज्ञानावर तेथे गवताची राने राखण्याचे काम उभे राहिले आणि त्यात फासेपारधी स्वतः आहेत.

शिरूर अनंतपाळच्या बाजूला गवताची राने राहिलेली नाहीत. पुष्कळसा माळ मोडला, त्यावर सोयाबीन आले. तितर मात्र टिकून आहे. बांधावरच्या बोरीबाभळीत आसरा धरून तो अजूनही पहाटे ओरडतो. दिवाळीनंतर पिके निघाली की रिकाम्या रानात त्याचे थवे दिसतात. तो कोणत्या बांधावरून कोणत्या बांधाकडे जाईल, हे सांगू शकणारी म्हातारी माणसे पारधी वस्त्यांवर शोधली तर सापडतील, आणि त्यांच्या बोलीतले तितराच्या ओरडण्याचे, पळण्याचे, भांडण्याचे शब्दही. ते अजून कोणत्याही कोशात गेलेले नाहीत.